हत्तीचे घड्याळ आणि फाट्यावरचे मिस्त्री

नांदेडकडून आलेल्या रस्त्याला वारंगा फाट्यावर दोन वाटा फुटतात. एक हिंगोलीवरून अकोल्याकडे जाते, दुसरी हदगाव, उमरखेड, यवतमाळ करीत नागपूरकडे. ट्रक, एस.टी., हळदीच्या पोत्यांचे टेम्पो यांची इथे रात्रंदिवस वर्दळ असते. वाहन आले की पंक्चर आले, वेल्डिंग आले, इंजिनाचे काम आले. या धंद्यांत आमच्या समाजाचे कारागीर थोडेथोडके नाहीत.

गेल्या पावसाळ्यात एस.टी.ची वाट पाहत आम्ही अशाच एका दुकानाच्या बाकावर बसलो होतो. दुकानाबाहेर पत्र्याचा एक माणूस उभा होता. डोक्याला जुन्या लुंगीचा फेटा, हातात लोखंडी पळी, पुढ्यात जर्मनचे ताट. मिस्त्रींनी बॅटरीला तार लावली की हा माणूस मान डावी-उजवी करी आणि ताटावर पळी आपटी. आवाज असा की शेजारच्या हॉटेलातली माणसे बाहेर येऊन पाहू लागली. पोटात जुन्या जीपच्या वायपरची मोटर, सायकलची चेन आणि एक वाकवलेली सळई, एवढाच मामला. डोंगराकडच्या एका शेतकऱ्याने तो करून घेतला होता. रोही आणि रानडुकरे पीक ठेवीत नाहीत. मिस्त्री म्हणाले, "उभ्या बुजगावण्याला जनावर आठ दिवसांत ओळखतं. हलणाऱ्याला ओळखायला जरा उशीर लावतं."

थोड्या वेळाने जवळच्या एका गावातील गणेश मंडळाची पोरे आली. त्यांना हलता देखावा हवा होता. हत्ती सोंड उचलतो आणि हार घालतो, असा. मिस्त्रींनी बराच वेळ विचार केला आणि नाही म्हणून सांगितले. पोरे गेल्यावर त्यांनी दुकानामागे नेऊन आम्हाला एक गंजलेला सांगाडा दाखवला. त्यांच्या उस्तादांनी नांदेडमध्ये बनवलेला तो हत्ती. सोंड अशी उचलायचा की पाहणाऱ्याला खरी वाटावी, झटका नाही, थरथर नाही. उस्ताद अल्लाहला प्यारे झाले आणि सोंडेची खुबी त्यांच्याबरोबर गेली. "त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही," मिस्त्री म्हणाले. लिहून का ठेवले नाही, असे विचारल्यावर हसून म्हणाले, "हातकू मालूम था भाई, कागजकू क्या पूछना."

या हत्तीवरून आम्हाला दुसरा एक हत्ती आठवला. तो आठशे वर्षांपूर्वीचा आहे आणि त्याची खुबी आजही जशीच्या तशी उपलब्ध आहे, कारण बनवणाऱ्याने ती लिहून ठेवली.

त्या कारागिराचे नाव इस्माईल इब्नुर्रज्जाज अल-जज़री. बदीउज्जमान ही त्याची पदवी. दजला नदीच्या वरच्या खोऱ्यात आमिद नावाचे शहर होते, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील दियारबकिर. तिथे अर्तुकी घराण्याचे राज्य होते. या घराण्याच्या पदरी अल-जज़रीने सुमारे 25 वर्षे काढली. तो मोठा आलिम किंवा फिलसूफ म्हणून प्रसिद्ध नव्हता. आजच्या भाषेत सांगायचे तर तो राजवाड्याचा मुख्य मिस्त्री होता. राजवाड्याचा ओतीव धातूचा दरवाजा त्याने केला, अक्षरे फिरवून उघडणारे कुलूप केले, पाणी वर चढवण्याची यंत्रे केली आणि आपोआप हालचाल करणाऱ्या आकृत्या केल्या.

राजा नासिरुद्दीन महमूद याने एक दिवस त्याला बोलावून सांगितले की, इतक्या मेहनतीने जे बनवलेस ते वाया जाऊ देऊ नकोस, सर्व लिहून काढ. अल-जज़रीने आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत ही हकीकत दिली आहे. ग्रंथ 1206 मध्ये (हिजरी 602) पूर्ण झाला. त्यात सहा विभागांत 50 यंत्रे आहेत. प्रत्येकाचे चित्र, प्रत्येक भागाला अक्षराची खूण, आणि कोणता भाग कोणत्या धातूचा, किती लांब, किती जाड, कसा जोडायचा याचा तपशील. त्याच वर्षी नकललेली एक प्रत इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातील ग्रंथालयात आहे. 1974 मध्ये डोनाल्ड हिल या इंग्रज अभियंत्याने त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा युरोपातील जाणकारांनाही त्याची खरी योग्यता कळली.

आता हत्तीचे घड्याळ कसे चालते ते पाहू. आमच्या वाचकांपैकी जे यंत्राशी झटतात त्यांना ते लगेच समजेल.

हत्तीच्या पोटात पाण्याची टाकी आहे. पाण्यावर एक वाटी तरंगते आणि वाटीच्या बुडाला बारीक छिद्र आहे. छिद्रातून पाणी येत येत अर्ध्या तासाने वाटी भरते आणि बुडते. ही युक्ती हिंदुस्थानची. आपल्याकडे लग्नाच्या मुहूर्तासाठी घंगाळात घटिकापात्र सोडण्याची रीत होती, तेच हे. वाटी बुडू लागली की तिला बांधलेली दोरी हत्तीच्या पाठीवर बसलेल्या लेखनिकाला हळूहळू फिरवते आणि त्याच्या लेखणीचे टोक अर्ध्या तासातले किती गेले ते दाखवते. वाटी पूर्ण बुडाली की वर अंबारीच्या घुमटात साठवलेल्या गोळ्यांपैकी एक गोळी सुटते. ती बहिरी ससाण्याच्या चोचीतून खाली नागाच्या जबड्यात पडते. गोळीच्या वजनाने नाग खाली झुकतो आणि झुकताना शेपटीकडच्या साखळीने बुडालेली वाटी वर ओढून घेतो. गोळी खाली भांड्यात पडून आवाज होतो, माहूत हत्तीच्या डोक्यावर ठोका देतो, सर्वांत वरचा पक्षी गिरकी घेतो. हलका झालेला नाग पुन्हा वर जातो आणि रिकामी वाटी पाण्यावर नव्याने तरंगू लागते. गोळ्या संपेपर्यंत माणसाने हात लावण्याचे कारण नाही.

यातली खरी हुशारी नागात आहे, पक्ष्यात नाही. पडणाऱ्या गोळीनेच यंत्राला पुन्हा पूर्वस्थितीत आणायचे, हा त्यातला हिशेब. शिवाय हत्ती हिंदचा, नाग चीनचा, पाण्याचे गणित यूनानी लोकांचे, आकृत्यांच्या डोक्यावर अरबी पगड्या. जिथे जे चांगले मिळाले ते अल-जज़रीने घेतले आणि घेतले हे लपवले नाही.

दुसरे एक यंत्र आमच्या वाचकांना अधिक जवळचे वाटेल. राजाला वजू करताना नोकराने किंवा दासीने हातावर पाणी ओतलेले आवडत नसे. त्याने अल-जज़रीला उपाय विचारला. अल-जज़रीने उभ्या गुलामाची आकृती केली. उजव्या हातात झारी, डाव्या हातात टॉवेल, आरसा आणि कंगवा. तोटी फिरवली की झारीतून बेताने पाणी पडते आणि पाणी संपत आल्यावर टॉवेलचा हात आपोआप खाली येऊन राजापुढे होतो. आतमध्ये तरंग, वजन आणि दोरी एवढेच आहे. गाडीच्या कार्ब्युरेटरमधला फ्लोट ज्याने उघडला असेल त्याला यात नवे काही वाटणार नाही.

पण आम्हाला सर्वांत जास्त भावला तो ग्रंथातला कारखान्याचा भाग. लाकडाचे मोठे चक्र वाकू नये म्हणून पातळ फळ्या आडव्या-उभ्या चिकटवून जोडाव्यात, असे अल-जज़री सांगतो. हे आपले प्लायवूड झाले. चक्र एका बाजूला जड राहू नये म्हणून ते तोलून घ्यावे. टायरच्या दुकानात चाकाला शिशाचे तुकडे लावतात ते याचसाठी. तांबे-पितळ ओतण्यासाठी बंद पेटीत ओल्या वाळूचा साचा घ्यावा. आधी कागदाचा नमुना करून पाहावा. आणि तोटीची बैठक व बुच्चा पाणी न गळण्याइतके बसावेत म्हणून मध्ये कुरुंदाची पूड टाकून दोन्ही एकमेकांवर घासावेत.

हे शेवटचे वाक्य आम्ही मिस्त्रींना सांगितले तेव्हा त्यांच्या समोरच्या बाकड्यावर ट्रॅक्टरच्या इंजिनाचे हेड पडलेले होते आणि पोरगा पेस्ट लावून वॉल्व्ह घासत होता. मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिले, मग आमच्याकडे. "आठशे वर्षं?" एवढेच त्यांनी विचारले.

अल-जज़री काही आकाशातून पडला नाही. त्याच्याही आधी साडेतीनशे वर्षे बगदादमध्ये मुहम्मद, अहमद आणि हसन हे मूसाचे तीन मुलगे, म्हणजे बनू मूसा, होऊन गेले. नवव्या शतकाच्या मध्यास त्यांनी युक्तीच्या यंत्रांवर किताबुल हियल हा ग्रंथ लिहिला. त्यात सुमारे 100 यंत्रे आहेत. आपोआप वाजणाऱ्या बासरीचे वर्णनही त्यांनीच केले. फिरणाऱ्या नळकांड्यावर खुंट्या बसवायच्या, खुंटी आली की बासरीचे भोक उघडायचे. त्याच्याही अगोदर, 807 मध्ये, खलिफा हारून रशीद यांच्याकडून फ्रँकांचा बादशहा शार्लमेन याला पितळी जलघड्याळ नजर करण्यात आले. तास भरले की गोळ्या झांजेवर पडत आणि 12 खिडक्यांतून 12 घोडेस्वार बाहेर येत. ही नोंद फ्रँकांच्याच दरबारी इतिवृत्तात आहे, तेव्हा ती आपल्या लोकांनी मारलेली बढाई नव्हे.

याच संदर्भात दमास्कसच्या घड्याळाची हकीकत प्रत्येक कारागिराने ऐकावी अशी आहे. सुलतान नूरुद्दीन यांच्या काळात मुहम्मद नावाच्या घड्याळजीने उमवी मशिदीच्या जैरून दरवाज्यापाशी मोठे जलघड्याळ उभारले. अंदलुसचा प्रवासी इब्न जुबैर याने 1184 मध्ये ते पाहिले. पितळेचे दोन ससाणे चोचीतून गोळ्या टाकत, त्या पितळी वाट्यांत पडून आवाज होई आणि गेलेल्या तासाचे दार बंद होई. मुहम्मद वारल्यावर घड्याळ बिघडले. ज्यांनी हात घातला त्यांना ते जमेना. शेवटी मुहम्मदचा मुलगा रिदवान पुढे आला. हा व्यवसायाने हकीम, पण त्याने बापाचे काम उलगडले, घड्याळ पुन्हा चालू केले आणि 1203 मध्ये त्यावर आख्खा ग्रंथच लिहून ठेवला, की पुन्हा कोणावर ही पाळी येऊ नये. बाप काहीच लिहून न ठेवता गेला की मुलाला काय भोगावे लागते, हे रिदवानला चांगलेच कळले असावे.

आपल्याकडेही ही विद्या होती. माळव्याचा राजा भोज याच्या अकराव्या शतकातील समरांगणसूत्रधार या ग्रंथात यंत्रांवर स्वतंत्र अध्याय असून लाकडी पुतळ्यांचे त्यात वर्णन आहे. विजापूरच्या आदिलशाही दरबारात फतहुल्लाह शिराजी हे यंत्रविद्येचे जाणकार होते. अकबर बादशहाने 1583 मध्ये त्यांना आपल्याकडे बोलावून घेतले. चालता चालता धान्य दळणारी गाडी आणि बैलाच्या जोरावर एकाच वेळी 16 बंदुकांच्या नळ्या साफ करणारे चाक ही त्यांची कामे मानली जातात. गाडीचे चाक फिरते, मग ते फुकट का फिरू द्यायचे, हा विचार कोणत्याही व्यापाऱ्याला पटावा असा आहे. औरंगाबादची (आता छत्रपती संभाजीनगर) पाणचक्की तर आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी जाते फिरवले जाई आणि तिथल्या लोकांचे पीठ निघे. श्रीरंगपट्टणचा टिपू सुलतानांचा वाघ 1799 मध्ये इंग्रजांनी लुटून नेला. लाकडी वाघाखाली गोरा शिपाई पडलेला, मूठ फिरवली की शिपायाचा हात हलतो आणि कण्हण्याचा आवाज येतो. तो आज लंडनच्या संग्रहालयात आहे.

आणि वारंगा फाट्यावरून नांदेड, देगलूर, संगारेड्डी असा सरळ रस्ता हैदराबादला जातो. 1948 पर्यंत हा सारा मुलूख त्याच शहरातून चालत होता. तिथल्या सालारजंग संग्रहालयात दर तासाला, विशेषतः दुपारी बाराला, एका घड्याळापुढे गर्दी जमते. दाढीवाली एक छोटी आकृती दार उघडून बाहेर येते, घंटेवर ठोके देते आणि परत आत जाते. शेजारी एक लोहार हातोडा चालवत असतो. कलकत्त्याच्या कुक अँड केल्वी या पेढीकडून तिसऱ्या सालारजंगांच्या संग्रहात आलेले हे घड्याळ. उन्हाळ्याच्या सुटीत हैदराबादला गेलेली आपल्या भागातली माणसे ते हमखास पाहून येतात आणि त्याबद्दल सांगताना ते विलायती असल्याचे कौतुकाने सांगतात. अशी आकृती बाहेर काढण्याचे काम बगदाद-दमास्कसच्या मिस्त्रींनी शेकडो वर्षे आधी केले होते, हे कोणी त्यांना सांगितलेले नसते.

मग आपल्याकडची ही विद्या गेली कुठे? आमचे मत असे की ती दरबारात राहिली, बाजारात आलीच नाही. राजा गेला की कारागीर गेला. दुसरीकडे काय झाले ते पाहा. फ्रान्सच्या व्होकान्सनने 1738 मध्ये बासरी वाजवणारा पुतळा आणि पुढच्या वर्षी दाणे टिपणारे बदक केले, तिकीट लावून लोकांना दाखवले आणि पैसे कमावले. 1741 मध्ये सरकारने त्याला रेशीम कारखान्यांचा निरीक्षक नेमले. 1745 मध्ये त्याने आपोआप विणणारा माग केला. त्याच मागावरून पुढे 1804 मध्ये जॅकार्डचा माग निघाला. मालेगाव-भिवंडीच्या आपल्या मोमीन बांधवांना जॅकार्ड आणि डॉबी वेगळे समजावून सांगायला नको. डॉबीच्या पट्टीत खुंट्या ठोकून कोणता धागा उचलायचा ते ठरवतात, आणि खुंटी असेल तर उचल, नसेल तर नको, हेच बनू मूसांच्या बासरीत होते. बगदादची खुंटी युरोपात कोणत्या वाटेने गेली, की तिथल्या लोकांना ती स्वतंत्रपणे सुचली, यात आम्ही पडत नाही. स्वित्झर्लंडच्या जाके-द्रो घराण्याने 1770 च्या दशकात कागदावर अक्षरे लिहिणारा मुलगा बनवला. त्यात सुमारे 6000 भाग आहेत. तो विकायला नव्हता. तो पाहायला लोक येत आणि घड्याळे घेऊन जात.

जपानचे उदाहरण तर आमच्या फाट्यावरच्या मिस्त्रींना शोभेल असे आहे. तनाका हिसाशिगे हा 1799 मध्ये जन्मलेला, कासवाच्या पाठीचे जिन्नस बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा. धनुष्याला बाण लावून नेम धरणारी बाहुली त्याने केली, मग दिवे, मग घड्याळे, मग वाफेची इंजिने. वयाच्या पंचाहत्तरीत, 1875 मध्ये, त्याने टोकियोत तारयंत्राच्या सामानाचा कारखाना काढला. तोच कारखाना पुढे 1939 मध्ये दुसऱ्या एका कंपनीत मिळून तोशिबा झाला.

हे सांगून झाल्यावर मिस्त्रींनी एक प्रश्न विचारला आणि तो टाळणे बरोबर होणार नाही. जमातीतल्या एका बुजुर्गांनी त्यांना हटकले होते की, प्राण्याची-माणसाची आकृती बनवणे योग्य नाही, आणि तीही अशा ठिकाणासाठी. मिस्त्रींचे म्हणणे, मूर्ती मूर्तिकार बनवतो, आम्ही फक्त आतले लोखंड हलवतो. फतवा देणे हे या पानाचे काम नाही. हजरत आयशा (र.) यांच्या बाहुल्यांची हदीस प्रसिद्ध आहे, उलेमांमध्ये या विषयावर मतभेदही आहेत. ज्याला शंका असेल त्याने आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे आणि मन स्वच्छ करून मगच इसार घ्यावा. ज्याचे मन मानत नाही त्याला दुसरे काम आहे. शेतातला आवाज करणारा माणूस बिनडोक्याचाही चालतो. रानडुकराला ताटाच्या आवाजाशी मतलब, फेट्याशी नाही.

धंद्याच्या बाजूने मात्र आम्ही दोन गोष्टी सांगितल्या. हलत्या देखाव्यात नुकसान बनवताना होत नाही, नंतरच्या दहा रात्रींत होते. मध्यरात्री चेन उतरते, मंडळाचा माणूस मोटारसायकल घेऊन दारात उभा राहतो आणि त्या फेरीचे पैसे कोणी ठरवलेले नसतात. सामान कोणाचे, वाहतूक कोणाची, दहा दिवसांची दुरुस्ती किती रुपयांत आणि उत्सवानंतर मोटर कोण नेणार, हे आधीच कागदावर घ्यावे. शेतकऱ्याच्या यंत्राचेही तसेच. पहिला नमुना मेहनतीत महाग पडतो. दुसरा, तिसरा, दहावा तेव्हाच स्वस्त पडतो, जेव्हा सळई किती वाकवली आणि चाक कुठे बसवले याचे माप कुठेतरी लिहिलेले असते. मिस्त्रींनी कबूल केले की बाहेर उभा असलेला पत्र्याचा माणूस तिसरा आहे आणि तिन्ही वेळा त्यांनी अंदाजानेच सळई वाकवून पाहिली. दोन सळया मोडल्या.

एस.टी. अजून आली नव्हती. मिस्त्रींनी पोराला हाक मारली आणि दोघांनी मिळून उस्तादांचा हत्ती मागून ओढून पुढे उजेडात आणला. गंजावर डिझेल मारले. सोंडेच्या मुळाशी दोन चाके निघाली, एक सायकलचे मोठे आणि एक मागचे फ्रीव्हीलचे, आणि मध्ये मोठ्या चाकाचे भोक मध्यभागी नव्हते, जाणूनबुजून बाजूला पाडलेले होते. मिस्त्री बराच वेळ त्या भोकाकडे पाहत राहिले. "म्हणून झटका बसत नव्हता," ते स्वतःशीच म्हणाले. मग पोराला दात मोजायला लावले. मोठ्याला 44, लहानाला 18. भोक मध्यापासून किती सरकलेले आहे ते पट्टीने मोजले. लिहायला वही नव्हती. ऑईलच्या डब्याचे बिल उलटे करून पोराने त्यावर आकडे लिहिले, वर उस्तादांचे नाव लिहिले आणि बिल खिळ्याला अडकवले.

मंडळाच्या पोरांचा फोन नंबर मिस्त्रींनी ठेवून घेतलेला होता. फोन केला की नाही, हे आम्हाला पाहता आले नाही, कारण तेवढ्यात आमची एस.टी. लागली.